मामाच्या गाण्यानंतरचं सरबत

मी नेमकं काय शिकले हे आमच्या बदलापूर गावात कुणालाच कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते अधूनमधूनच कळतं. उल्हासनगरच्या कॉलेजातून मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलं, मग मुंबईत दोन वर्षं एमपीएच. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, हे वाक्य मी आजवर शंभरदा म्हटलं असेल. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, "म्हणजे डॉक्टर ना?" नाही म्हटलं की, "मग नर्स?" तेही नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया येते, की वाटतं हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं.

हरिचंद्रकाकांनी हा प्रश्न परस्पर निकालात काढला. माझा रिझल्ट लागला त्याच आठवड्यात नाक्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. त्यावर माझा बारावीतला फोटो, खाली सव्वीस शुभेच्छुक, आणि मध्ये ठळक अक्षरांत 'डॉ. उन्नती हिचे हार्दिक अभिनंदन'. आमच्याकडे बारशापासून निवडणुकीपर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो, त्यामुळे फ्लेक्सचं काही नाही. पण ते 'डॉ.'?

"काका, ते डॉक्टर काढा. मी डॉक्टर नाहीये."

"ऱ्हाव दे गो," काका म्हणाले. "कोन बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी मागच्या आळीतली एक बाई गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात उभी. मी तो उजेडाकडे धरून बघितला, कारण नाही म्हणायला जीभ वळेना. हा माझा पहिला गुन्हा म्हणायचा.

नोकरीच्या बाबतीत तर गोंधळ विचारूच नका. व्हॉट्सॲपवर संधींचे पाच ग्रुप, रोज सकाळी वीस जाहिराती. 'साथरोगतज्ज्ञ हवा', खाली बारीक अक्षरांत एमबीबीएस असल्यास प्राधान्य. 'सार्वजनिक आरोग्य सल्लागार', अनुभव पाच वर्षं. 'क्षेत्र अन्वेषक', शिक्षण बारावी पास, स्वतःची दुचाकी हवी. एका जागेला मी जास्त शिकलेली, दुसरीला कमी शिकलेली, आणि तिसरीला माझ्याकडे स्कूटी नाही. अनुया, माझी एमपीएचची मैत्रीण, एका संस्थेत लागली होती. तिथं ती दिवसभर एक्सेलमध्ये रकाने भरते. मी तिला विचारलं, "तू तिथं नक्की काय आहेस गं?" ती म्हणाली, "यार, माझ्या ऑफर लेटरमध्ये पण नीट लिहिलेलं नाहीये."

मला हवी होती ती एकच गोष्ट. साथीच्या आजारांचा जागेवर जाऊन शोध घ्यायचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. विद्यावेतन मिळतं, गावोगाव पाठवतात, आणि मुख्य म्हणजे चोवीस जागांपैकी सहा जागा डॉक्टर नसलेल्यांसाठी असतात. त्या सहांतली एक मिळाली, तर मी कोण हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं.

त्या प्रशिक्षणाचं ऑनलाइन माहितीसत्र नेमकं माझा चुलतभाऊ, हरिचंद्रकाकांचा मुलगा कल्पेश, याच्या हळदीच्या संध्याकाळी आलं. मे महिन्यातला शनिवार, अंगणात मांडव, सगळी आळी गोळा. मी करवली. हळदीतून उठून गेले असते तर काकीने जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून एका कानात इअरफोन खुपसून बसले. एका कानात सखूआत्याची धवलं, दुसऱ्या कानात कुणीतरी मॅडम सार्वजनिक आरोग्यातल्या संधी समजावतायत. सखूआत्या आमची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी ती लागते. पाणी आणण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती म्हणते, आणि एकदा गाणं सुरू झालं की ते मध्ये तोडायचं नाही हा नियम. मला त्या संध्याकाळचं सत्र शब्दन् शब्द आठवतं. हळद मात्र धूसर.

रविवारी दुपारपासून माणसं पडायला लागली. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. संध्याकाळी लग्नाच्या हॉलवर अर्धं वऱ्हाड संडासाच्या रांगेत. कल्पेश हाताला सलाइनची पट्टी लावून बोहल्यावर उभा राहिला आणि मंगलाष्टकं संपायच्या आत दोनदा उतरला. सोमवारपर्यंत आकडा चाळीसच्या वर. नऊ जणांना दवाखान्यात ठेवलं. त्यात काकांची सहा वर्षांची नात गोदू होती, ती चार दिवस अंबरनाथ पूर्वेच्या एका दवाखान्यात. तिचा हात इतका बारीक की नर्सला शीर सापडेना. गोदू रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघवत नव्हतं.

गावाला कारण शोधायला अर्धा तासही लागला नाही. "कोंडाजीचा मटन."

कोंडाजीतात्या पस्तीस वर्षं गावाची जेवणं रांधतात. माझ्या बारशाचंही त्यांनीच केलं होतं. चुलीजवळ उभं राहून ते कधी चव बघत नाहीत, वासावरून मीठ सांगतात. त्या आठवड्यात त्यांच्या तीन लग्नांच्या सुपाऱ्या गेल्या. आजारपणामुळं पुढं ढकललेल्या कल्पेशच्या सत्यनारायणाच्या पूजेचं जेवणही काकांनी अंबरनाथच्या केटररला सांगायचं ठरवलं. ते ऐकून तात्यांनी ओट्यावर बसून आपला मोठा झारा राखेनं घासला आणि भिंतीला टांगून ठेवला.

आणि माझ्या मनात काय आलं असेल? लाज वाटते सांगायला. माझ्या मनात आलं, मिळाली! साथ मिळाली! कारण प्रशिक्षणाच्या अर्जाला अट होती, स्वतः केलेल्या एका साथीच्या तपासाचा अहवाल जोडा. तीन आठवडे मुदत, शेवटचा दिवस सोमवार, संध्याकाळी पाच. मी तोवर डोक्याला हात लावून बसले होते की साथ आणायची कुठून. आता ती माझ्याच अंगणात होती. त्याच दिवशी अर्ज उघडला, नाव-गाव भरलं. चौथा प्रश्न होता, तपास करणाऱ्याचा या घटनेशी वैयक्तिक संबंध आहे का. नातेवाईक असणं हा काही संबंध नव्हे, असा मीच मनाशी निवाडा केला आणि 'नाही'वर टिचकी मारली.

मग वही घेऊन दारोदार फिरले. नाव, वय, काय खाल्लं, काय प्यायलं, कधी सुरू झालं. कॉलेजात हे दोन तासांचं प्रात्यक्षिक होतं. गावात ती दोन आठवड्यांची वरात झाली. कारण आमच्याकडे हळदीचं जेवण वाईट होतं असं कुणी म्हणणार नाही, तो घराचा अपमान. आणि कोंडाजीचं मटण चांगलं होतं असंही कुणी म्हणेना, कारण मग दोष कुणाचा? एकशे बारा माणसांशी बोलले. त्यातले ऐंशी जण म्हणाले, "मी तं काय खाल्लाच नाय." मग तीन बोकड गेले कुठं?

शनिवार पाळणाऱ्यांची वेगळी पंगत होती, बिरड्याची उसळ आणि भात. त्यातलेही काही आजारी पडले होते. म्हणजे मटण निर्दोष, असं मी मोठ्या आनंदानं वहीत लिहिलं. तेवढ्यात माळकरी हितेशची बायको मला चुलीपाशी ओढून म्हणाली, "यांचा खरा मानू नको. मांडवाच्या मागं दोन वाट्या हानल्यान." झालं, माझी शाकाहारी यादी कोसळली. परत सगळ्या माळकऱ्यांच्या बायकांना गाठलं. चार नावं इकडून तिकडं गेली आणि हिशोब पुन्हा विस्कटला.

मग वाटलं, मामाकडून काहीतरी आलं असणार. कल्पेशचे मामा शिरगावचे, ते टेम्पो भरून माणसं घेऊन आले होते आणि त्यांच्यातलेच एकोणीस जण आजारी होते. पण त्यांनी आणलं काय, तर कपडे आणि पितळेची भांडी. त्यानं कुणाला जुलाब होत नाहीत. मग बर्फावर संशय. बर्फ उल्हासनगरहून, चार नंबर कॅम्पातून आला होता. तिथं गेले तर गल्ल्यावरच्या सिंधी शेठनं मला बसायला खुर्ची दिली, वही बघितली आणि म्हणाला, "बेटा, उस दिन सात शादी में माल गया मेरा. छे जगह सब ठीक, और तेरे घर में ही बर्फ खराब हो गया क्या?" प्रश्न बिनतोड होता. मी लस्सी पिऊन परत आले.

शेवटी सरबताकडे वळले. कोकमाचं सरबत, निळ्या पिंपात, मांडवाच्या दारात. आजारी लोकांनी ते प्यायलं होतं. आणि ठणठणीत लोकांनीही प्यायलं होतं! पाणी कुठलं, तर सगळे एका सुरात, "जारचा. सीलबंद." उरलेल्या जारचं पाणी तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं.

मुदतीचा सोमवार चार दिवसांवर आलेला. मी अनुयाला फोन लावून अक्षरशः रडले. "काहीच जुळत नाहीये गं. मी या कामाचीच नाहीये."

"काय प्यायलं ते विचारलंस. कधी प्यायलं ते विचारलंस का?"

"हळदीत घड्याळ कोण बघतं?"

"मग दुसरं काहीतरी पकड ना यार, ज्यानं वेळ कळेल."

फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी मला सुचलं. सखूआत्याची गाणी! घड्याळ कुणी बघितलं नव्हतं, पण गाण्यांचा क्रम आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आधी विहिरीचं पाणी आणायचं गाणं, मग मांडवाचं, मग हळद दळायचं, मग मामा दारात आले की मामाचं, आणि शेवटी नवऱ्याला हळद. परत वही घेऊन निघाले. या वेळी एकच प्रश्न. सरबत प्यायलात तेव्हा आत्या काय गात होती?

गंमत म्हणजे सगळ्यांना आठवलं. "मांडवाचा चाललेला." "मामाचा गाना व्हता, माझे भावाचा नाव घेतलान तवांच." दोन दिवसांत वही भरली. घरी येऊन आकडे मांडले. मामाच्या गाण्याआधी प्यायले सदतीस जण. त्यांतला एकच आजारी, आणि त्यानं नंतर गुपचूप दुसरा ग्लास मारला होता. अजिबात न प्यायलेले वीस, आजारी कुणी नाही. मामाच्या गाण्यानंतर प्यायले पंचावन्न, त्यांतले बेचाळीस आजारी. मटण खाल्लं की उसळ खाल्ली, मामाकडचा की आमचा, काही फरक नाही. मामाच्या गाण्याच्या सुमारास त्या पिंपात काहीतरी पडलं होतं.

शनिवारी सकाळी मी सखूआत्याच्या घरी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उत्साहानं फुगलेली. वही उघडून तिला सगळं सांगितलं, आणि विचारलं, "आत्या, तू गात होतीस तिथून पिंप समोरच दिसत होतं. मामाची माणसं आली तेव्हा पिंपाजवळ कोण होतं?"

आत्यानं सुपातली नजर वर केली.

"खराच इचारतेस, का थट्टा करतेस?"

"खरंच विचारते."

"तूच गो," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही.

"मामाची मानसा आली, सरबत कमी झाला. तुझे काकीनी हाक मारली, उन्नती, पानी घाल त्यान. तू उठलीस. बाजूला इहिरीचा हंडा व्हता, हलदीची पाच बोटा वडलेला, आंब्याच्या पानांचा टाला ठेवलेला. टाला बाजूला केलास न् हंडा वतलास पिपान. मी गात व्हते. गाना मधी तोडता येत नाय. डोल्यांनी खुनावला तुना. तू त्या फोनान बघत व्हतीस."

विहिरीचा हंडा. आमच्या गावातली जुनी विहीर. तिचं पाणी गेली पंधरा वर्षं कुणी तोंडात घेत नाही. चारी बाजूंनी इमारती उठल्या, त्यांच्या संडासाच्या टाक्या विहिरीला लागून. पण नवऱ्याच्या आंघोळीला पाणी तिथलंच लागतं, वाजतगाजत आणतात. तो हंडा अंगणात ठेवला की त्याला कुणी हात लावत नाही. आळीतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं. मला आठवायला लागलं. पितळेचा गार काठ. हातावर लागलेली हळद, जी मी ओढणीला पुसली होती. आणि कानात ती मॅडम सांगत होती, डॉक्टर नसलेल्यांसाठी सहा जागा आहेत.

"आत्या," मी विचारलं, "तू नंतर बोलली का नाहीस कुणाला?"

"मना वाटला, नाक्यावर एवरा मोठा फोटू लागलाय, डाक्टर पोर हाय. ती वततेय तं पानी चांगलाच असंल. मना अडानी बाईला काय कलतंय?" ती परत तांदळाकडे वळली. "न् तू इतके दिस फिरतेस, कोन काय खाल्ला इचारतेस. कोनी वतला ता तू कवां इचारलास?"

घरी आले. आजारी गोदूचा तो बारीक हात डोळ्यांसमोरून हलेना. ती सुई मी टोचली होती. मग उठून विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला, अंबरनाथच्या प्रयोगशाळेत दिला. सोमवारी सकाळी कागद आला, पिण्यास अयोग्य, मैल्यातले जंतू भरपूर. कागदाची गरज नव्हती. पण अहवालाला लागतो.

आता काय लिहायचं? सोमवार उजाडला होता, पाच वाजायला सात तास. अनुया म्हणाली, "वेडी आहेस का? 'एका स्वयंसेविकेने पाणी मिसळले' असं लिही. खोटं नाहीये ते. तपास एकदम भारी झालाय, ते गाण्यांचं तर कुणी केलंच नसेल. सीट तुझीच आहे." काकांना सांगितलं, तर ते दार लोटून म्हणाले, "कोनाला बोलू नको. फ्लेक्स लावलाय मी. मना तोंड दाखवायला जागा ऱ्हानार नाय." आईनं फक्त माझी ती ओढणी काढून दाखवली. हळदीचा डाग तीनदा धुऊन गेला नव्हता. तिला तो इतके दिवस दिसत होता, मला नाही.

मला कुणाचं पटत होतं? सगळ्यांचं. हीच तर पंचाईत. स्वयंसेविकाच होते मी. अहवाल खरा होता, आकडे खरे होते, विहीर दोषी होती. माझं नाव नसलं म्हणून कुणाचं पोट दुखणार होतं? पण चौथ्या प्रश्नापुढं 'नाही'ची ती टिचकी होती, आणि भिंतीला टांगलेला तो झारा होता. दुपारी अडीचपर्यंत मी लॅपटॉप उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला. मग चपला घातल्या आणि कोंडाजीतात्यांकडे गेले.

ते खाटेवर पडले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मध्ये थांबले असते तर परत सांगता आलं नसतं. ते उठून बसले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे माझे मटनान खोट नव्हती?"

"नाही तात्या. काहीच नव्हती."

त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. पस्तीस वर्षं गावाला जेवू घातलेला तो माणूस पोरासारखा रडला, आणि मीही रडले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा चार मानसांत सांगशील?"

मी हो म्हणाले.

पाचला दहा कमी असताना मी चौथ्या प्रश्नावर 'होय' केलं. 'होय' केलं की खाली एक चौकोन उघडतो, शंभर शब्दांत खुलासा करा. मी लिहिलं, पिंपात पाणी मी ओतले. बाकीचे शहाण्णव शब्द सुचले नाहीत. पाठवून दिलं.

त्याच संध्याकाळी काकांच्या ओट्यावर पूजेच्या जेवणाचं बोलायला आठदहा जण जमले होते. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. मामांकडच्या एका म्हाताऱ्यानं मला एक शिवी दिली, ती मला लागू होती. काकी आत निघून गेली. कल्पेश हसायला लागला, म्हणाला, "साला, मी मंगलाष्टकांत दोनदा पळालो ते तुझ्यामुळं?" आणि मग त्याचंही हसू मावळलं, कारण गोदू त्याच्या मांडीवर बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गेले तर फ्लेक्स उतरवलेला. आणि अंबरनाथच्या केटररला काकांनी नको म्हणून कळवलं होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी मेल आला. आपला अहवाल उल्लेखनीय आहे. तथापि तपास करणारी व्यक्ती स्वतः घटनेस कारणीभूत असल्याने तो प्रवेशासाठी ग्राह्य धरता येत नाही. पुढील वर्षी नव्या अहवालासह अर्ज करावा. मी तो तीनदा वाचला. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही हो. राग आला. स्वतःचा, त्या चौकोनाचा, त्या सहा जागांचा. अनुयाचं ऐकलं असतं तर? अजूनही कधीकधी वाटतं, ऐकायला हवं होतं. मी कोण, हे सांगणारं ते एक वाक्य गेलं, आणि त्याच्या जागी काही आलेलं नव्हतं.

अंगणात चूल पेटली होती. तात्यांनी भिंतीवरचा झारा आणला होता. पूजेचं जेवण, म्हणजे वरण-भात, भाजी, शिरा. बायका पाण्याची भांडी आणून ठेवत होत्या. चार जार, एक नळाचं पिंप, आणि देवासाठी विहिरीवरून आणलेला एक हंडा, हळदीची पाच बोटं ओढलेला. मी पडवीच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसले होते, कुणाच्या नजरेला नजर न देता. चौथ्यांदा मेल उघडत होते.

तात्यांनी तांदूळ धुवायला घेतले. भांडं हातात धरून ते थांबले. मग अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उन्नती, हिकरं ये. कुठला पानी घेव, तू सांग."

सगळ्यांचे हात थांबले. काकी दारात उभी राहिली. सखूआत्या पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. मामाकडचा तो म्हाताराही मान वळवून बघायला लागला. मला वाटलं, हे माझी खोड काढतायत. पण तात्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना खरंच पाणी हवं होतं, आणि तांदूळ खोळंबले होते.

"थांबा तात्या," मी म्हटलं. "आधी बघते."

फोन आईच्या हातात दिला, आणि एकेका भांड्यावरचं झाकण काढून बघायला लागले.